परदेशी जाताय आणि तिथे धड पत्ता नाही? मग टपालाचं आधी बघा

आमच्या मुलुंड पूर्वेच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली लेटरबॉक्सांची रांग आहे, पत्र्याचे, कधीकाळी हिरवे असलेले, त्यातल्या आमच्या बॉक्सवर चार नावं चिकटवलेली आहेत आणि घरात राहतो आम्ही दोघंच. उरलेल्या दोन नावांपैकी एक माझी भाची, ती बर्लिनला, आणि दुसरा ह्यांचा पुतण्या, तो न्यू जर्सीला. गेली सहा वर्षं त्यांचं टपाल मी सांभाळतेय, त्यामुळे जाणाऱ्यानं काय करून जावं हे मी सांगते, कारण निस्तरावं मागे राहणाऱ्याला लागतं.

दोघंही मुंबईत भाड्यानं राहायचे. म्हणजे ११ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, दर वर्ष-दोन वर्षांनी नवा पत्ता, आणि निघताना फ्लॅट सोडून दिला. तिकडे गेल्यावर आधी कंपनीचं गेस्ट हाऊस, मग मित्राकडे महिनाभर, मग कोणाच्या तरी घरात एक खोली. थोडक्यात, इथला पत्ता गेला आणि तिथला अजून झालेला नाही, अशी सात-आठ महिन्यांची मधली अवस्था असते आणि नेमकी सगळी महत्त्वाची पाकिटं तेव्हाच येतात.

निघायच्या दोन महिने आधी

दाराच्या मागे एक कापडी पिशवी अडकवा आणि महिनाभर जे जे पाकीट येईल ते त्यात टाका, जाहिरातीसुद्धा. महिना संपला की जमिनीवर ओता, कोण कोण आपल्याला पत्र पाठवतं ते पहिल्यांदाच कळतं. पण वर्षातून एकदाच पाठवणारे यात येत नाहीत, विम्याचं रिन्यूअल, शेअरवाल्या कंपन्या, जुन्या नोकरीचा पीएफ वगैरे. त्यासाठी बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट काढा आणि कोणाकोणाला पैसे गेले, कोणाकडून आले ते पेन घेऊन खुणा करत बघा. भाचीला असं करताना एक पॉलिसी सापडली जी आपल्या नावावर आहे हेच ती विसरली होती, बाबांनी काढून दिलेली.

मग तीन ढीग. एक, जे कागदावर यायचं कारणच नाही ते ईमेलवर करून टाका, स्टेटमेंट, वार्षिक अहवाल, म्युच्युअल फंड. दोन, जे कागदावरच येणार ते कोणाच्या तरी घरी वळवा. तीन, ज्याच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं, म्हणजे बँकेची कार्डं, कोर्टकचेरीची किंवा वकिलाची नोटीस, पासपोर्ट.

ऑनलाइनची सगळी कामं मुंबईत असतानाच करा. ई-आधार आणि ई-पॅन डाउनलोड करून ठेवा, छापील कार्डाइतकेच ते चालतात. लायसन्स आणि गाडीचं आरसी डिजिलॉकरमध्ये. आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर मरू देऊ नका. सिम बंद पडलं की ओटीपी बंद, आणि ओटीपी बंद म्हणजे पत्ता बदलणंही बंद, मग मावशीला फोन. मावशी काय करणार?

पत्ता नको, माणूस ठरवा

लोक म्हणतात "गावचं घर आहे ना, तो देऊ परमनंट पत्ता". अहो, गावच्या घरी आजी एकटी, तिला मोतीबिंदू, पाकीट देवघरात हळदीकुंकू लावून ठेवून देईल. दिवसा घरी असणारं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवता येणारं आणि दुसऱ्याचं पाकीट फोडायला न लाजणारं माणूस पाहिजे. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. मी सुरुवातीचे तीन महिने पुतण्याची पाकिटं फोडलीच नाहीत, कसं फोडायचं मोठ्या मुलाचं, आणि त्यात एका क्रेडिट कार्डाचं थकलेलं बिल पडून होतं, वर दंड चढला. आता आमचं ठरलंय: सगळं फोडायचं, दोन्ही बाजूंचा फोटो काढायचा, त्याच दिवशी पाठवायचा. फक्त पिन असलेलं पाकीट फोडायचं नाही.

त्या माणसाला सही करून एक अधिकारपत्र देऊन ठेवा, माझं टपाल अमुक व्यक्तीला द्यावं असं, सोबत तुमच्या ओळखपत्राची सही केलेली झेरॉक्स. घर बंद असेल तेव्हा पोस्टमन चिठ्ठी टाकून जातो, पाकीट पोस्टात सात दिवस राहतं आणि मग पाठवणाऱ्याकडे परत. त्या सात दिवसांत काउंटरवर जाऊन "ती माझी भाची हो" असं म्हणून कोणी देत नाही, कागद लागतो.

आता पत्ता कसा लिहायचा. आडनावं वेगळी असली तर केअर ऑफ लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. आमच्याकडे खाली नावांचा बोर्ड आहे, नवीन पोस्टमन तो बोर्ड बघतो, भाचीचं आडनाव त्यावर नाही, मग पाकिटावर निळ्या पेनानं "या नावाचं कोणी नाही" असा शेरा मारून परत. म्हणून लेटरबॉक्सवर नाव, वॉचमनला नाव, सोसायटीच्या ऑफिसात नाव, आणि पत्त्यात केअर ऑफ नंतर माझं नाव.

आणि पिनकोड नीट लिहा रे बाबांनो. मुलुंड पश्चिम ४०००८०, पूर्व ४०००८१. पुतण्यानं बँकेच्या फॉर्मवर शेवटी शून्य लिहिलं, तर त्याचं पत्र रेल्वेलाइनच्या पलीकडे जाऊन फिरून पाच दिवसांनी आलं, घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होतं ते. (हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृत कवी. सारख्या नावाची गावं आणि दहा भाषांतले पत्ते यांचा घोळ मिटावा म्हणून सहा आकडे आणले, आणि आपण त्यातला शेवटचा चुकवतो.)

सोडलेल्या घरचं काय

जुन्या पत्त्याचं वाटप ज्या पोस्टातून होतं तिथे लेखी अर्ज द्यायचा की माझं टपाल अमुक पत्त्यावर पाठवा, याला रिडायरेक्शन म्हणतात. जवळचं पोस्ट नाही, वाटपाचं पोस्ट, पोस्टमनलाच विचारा कुठलं ते. घरात दोन मोठी माणसं असतील तर दोघांची नावं अर्जात घाला. ही सोय ठरावीक मुदतीपुरती असते, तेवढ्यात प्रत्येकाकडे पत्ता बदलून घ्यायचा.

पण यात एक मोठी गोम आहे. हे फक्त सरकारी पोस्टाला लागू. कुरिअरवाल्यांना तुमच्या अर्जाशी काही देणंघेणं नाही, आणि बँकांची कार्डं, चेकबुकं बऱ्याचदा कुरिअरनं येतात. म्हणून जुन्या घरमालकाला आणि वॉचमनला नवीन माणसाचा नंबर देऊन जा, वॉचमनला निघताना काहीतरी हातावर ठेवा, पुढे वर्षभर तोच तुमचं पोस्ट ऑफिस.

बँक

इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथेच आम्ही आपटलो.

नोकरीसाठी किंवा बेमुदत बाहेर जात असाल तर फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे साधं सेव्हिंग्ज खातं तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करावं लागतं. ते करताना परदेशातल्या पत्त्याचा पुरावा मागतात, तो तुमच्याकडे नसतो, असा पेच. त्यामुळे ब्रँचमध्ये आधीच जाऊन काय काय चालेल ते विचारा आणि फॉर्मवर कायमचा पत्ता आणि पत्रव्यवहाराचा पत्ता हे दोन वेगळे रकाने असतील तर पत्रव्यवहाराच्या रकान्यात सांभाळणाऱ्या माणसाचा पत्ता टाका. जाण्याआधी टाका.

भाचीचं डेबिट कार्ड संपत आलं होतं, बँकेनं आपणहून नवीन पाठवलं, पत्ता बरोबर होता. साडेअकराला कुरिअरचा मुलगा आला, हातात मशीन, म्हणाला ओटीपी सांगा. ओटीपी गेला बर्लिनला. तिथे सकाळचे आठ, ती भुयारी ट्रेनमध्ये, फोनला रेंज नाही. मी फोन लावतेय, मुलगा घड्याळ बघतोय, त्याला दिवसाची पन्नास पाकिटं वाटायची, त्याची तरी काय चूक. गेला. दुसऱ्या दिवशी परत आला तेव्हा म्हणाला कार्ड ज्याचं त्यालाच, ओळखपत्रासकट. कार्ड गेलं परत आणि नियमाप्रमाणे नष्ट. यावर उपाय एकच, निघायच्या आधी सगळ्या कार्डांच्या तारखा बघा आणि पुढच्या वर्षभरात संपणारी कार्डं मुदतीआधीच नवीन मागवून सोबत घेऊन जा. न्यू जर्सीचं तर विचारूच नका, इथे सकाळचे अकरा म्हणजे तिथे रात्रीचा दीड.

खातं नुसतं पडूनही देऊ नका. दोन वर्षं तुमच्याकडून काहीच व्यवहार झाला नाही की ते निष्क्रिय होतं, दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. शेअरचा लाभांश सात वर्षं घेतला नाही तर तो आणि मागोमाग शेअरसुद्धा सरकारी निधीत. परत मिळतात, पण कागद नाचवत.

नोटीस आली तर

बऱ्याच जणांना वाटतं पत्र हातात आलंच नाही तर आपण सुटलो. नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम २७ असं आहे की बरोबर पत्त्यावर, तिकीट लावून, रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं की ते पोचलं असं धरतात, उलट सिद्ध करायची जबाबदारी तुमची. चेक न वटल्याची नोटीस असेल तर पैसे भरायला १५ दिवस मिळतात, ती जुन्या घराच्या लेटरबॉक्समध्ये पडून राहिली तर ते दिवस तसेच जातात. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा नोटिशीचं पाकीट दिसायला साध्या स्पीड पोस्टासारखं असू शकतं. माझ्याकडे स्पीड पोस्ट आलं की चहा बाजूला, आधी फोटो.

आणि तिकडे

जर्मनीत घरात गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाचा सहीचा कागद लागतो. म्हणून खोली घेतानाच विचारा, नोंदणी करू देणार का, कारण पुष्कळ जण नाही म्हणतात. नोंदणीनंतर टॅक्सचा नंबर टपालानं येतो, तोही फक्त लेटरबॉक्सवर तुमचं आडनाव असेल तर. भाचीच्या बॉक्सवर घरमालकिणीचंच नाव होतं, तीन आठवडे काही आलं नाही, शेवटी तिनं चिकटपट्टीवर नाव लिहून लावलं आणि पुढच्या आठवड्यात विमा कार्डसुद्धा आलं. शिवाय सरकारी पत्र टाकल्यापासून चौथ्या दिवशी मिळालं असं तिथेही धरतात, २०२५ पासून.

अमेरिकेत सोशल सिक्युरिटी कार्ड टपालानंच येतं, तर पहिला पत्ता असा द्या जिथे दोन-तीन महिने तरी ओळखीचं कोणी राहील. आणि पत्ता बदलला की दहा दिवसांत एआर-११ फॉर्म इमिग्रेशनला ऑनलाइन भरायचा, पुतण्या तीनदा घर बदलला, तीनदा भरला. पैसे देऊन व्हर्च्युअल मेलबॉक्स मिळतो, ते लोक पाकिटाचा फोटो काढून पाठवतात, म्हणजे माझंच काम, त्यासाठी पोस्टाचा फॉर्म १५८३ नोटरी करून द्यावा लागतो.

इंग्लंडला असाल तर पोस्ट रेस्टांट अजून चालतं, पत्र पोस्टाच्या नावानं मागवायचं, ओळखपत्र दाखवून घ्यायचं, परदेशातून आलेलं महिनाभर ठेवतात आणि तिथल्या तिथलं दोन आठवडे. बँकेसाठी हे कामाचं नाही, पण आईचं पत्र किंवा कॉलेजचं सर्टिफिकेट मागवायला ठीक.

मूळ कागद पाठवायचे कसे

फोटोवर भागतं ते फोटोवरच भागवा. मी प्रत्येकाची एक प्लॅस्टिकची फाइल केलीय, वर तारीख, आत मूळ कागद, आणि ते दर दिवाळीला व्हिडिओ कॉलवर बघून काय फाडायचं ते सांगतात. मूळ कागद लागलाच तर स्पीड पोस्ट तिकडे जातं, ट्रॅकिंगसकट, पण पासपोर्ट किंवा मार्कशीट टाकायला माझा हात धजत नाही. त्यासाठी मी वाट बघते, ओळखीतलं कोणी ना कोणी जातंच. मागच्या डिसेंबरात शेजारच्या काकू लेकीकडे बर्लिनला निघाल्या तेव्हा भाचीची जन्मदाखल्याची प्रत त्यांच्या हँडबॅगेत दिली, भाजणीच्या डब्याबरोबर चेक-इनच्या बॅगेत नाही, आणि पाकिटावर भाचीचा नंबर दोनदा लिहिला.