गाडी थंड आहे तोवरच बघा: डिझेल मेकॅनिकचं काम शिकणाऱ्यांसाठी

डिसेंबर उजाडला की सोलापुरात पहाटेचा पारा पंधराच्या खाली येतो आणि गॅरेजमध्ये एकाच तक्रारीच्या गाड्या लागतात. "सकाळी सेल्फ मारला की गाडी मिस करते, पांढरा धूर टाकते, दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप सुधारते." मिस करते म्हणजे एखादा सिलेंडर पेटत नाही आणि इंजिन अडखळतं. ड्रायव्हर गाडी घेऊन गॅरेजला येतो तोवर इंजिन तापलेलं असतं आणि दोष गायब झालेला असतो. मग अंदाजाने फिल्टर बदलला जातो, बिल होतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

म्हणून नव्याने या कामात येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो. अशी गाडी रात्री गॅरेजमध्ये ठेवून घ्या आणि पहाटे तुमच्यासमोरच पहिला सेल्फ मारा. त्या पहिल्या पाच-दहा मिनिटांत जे दिसतं, ते नंतर दिवसभर दिसत नाही.

यामागचं कारण आधी समजून घ्या. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सतरा-अठरा पटीने दाबली जाते, ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. इंजिन गार असलं की सिलेंडरच्या भिंती ही उष्णता ओढून घेतात. त्यात सेल्फ सावकाश फिरला, तर दाबल्या जाणाऱ्या हवेला पिस्टनच्या रिंगांमधून निसटायला वेळ मिळतो. ज्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबायची ताकद, जरा कमी आहे किंवा ज्याचा नोझल डिझेल नीट फवारत नाही, तो मे महिन्यात कसाबसा पेटतो आणि जानेवारीत पेटत नाही. न पेटलेलं डिझेल वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर येतं. तोच डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला पांढरा धूर. गाडी तापल्यावरही पांढरी वाफ चालूच असेल, वास डिझेलचा नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि हेडच्या मधल्या पॅकिंगकडे बघा. तो वेगळा आजार आहे.

"डिझेल गोठलं असेल" असं ड्रायव्हर बऱ्याचदा म्हणतात. आपल्या भागात हे कारण जवळजवळ कधीच नसतं. भारतीय मानकाप्रमाणे हिवाळी डिझेलला सहा अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहता आलंच पाहिजे, आणि सोलापूरची पहाट इतकी खाली क्वचितच जाते. डाळिंबं घेऊन थेट उत्तरेला जाणाऱ्या गाडीची गोष्ट निराळी. लडाखसाठी तर 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहणारं खास डिझेल आलं. इथे मात्र त्या संशयावर वेळ घालवू नका.

पहाटे सेल्फ मारण्याआधी मीटर बॅटरीवर लावा. ट्रकची सिस्टीम चोवीस व्होल्टची. सेल्फ फिरताना व्होल्टेज एकोणीसच्या खाली कोसळत असेल, तर आधी बॅटऱ्या, टर्मिनल आणि अर्थिंग बघा. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि ऑईलही दाट होतं. मॅन्युअल 15डब्ल्यू40 (ऑईलच्या दाटपणाचा ग्रेड) म्हणत असताना कुणी त्याहून जाड ऑईल भरलं असेल, तर तेही विचारून घ्या.

गाडी चालू झाली की हात खिशात ठेवा आणि ऐका. हे मी अगदी मनापासून सांगतोय, कारण नवीन पोरं लगेच पाना उचलतात. मिसिंग ठरावीक ठेक्यात येतंय का? तसं असेल तर बहुधा एकच सिलेंडर मेलेला आहे. ठेका नाही, इंजिन वर-खाली होतंय, मध्येच बंद पडायला बघतंय, असं असेल तर डिझेलमध्ये हवा शिरलेली असण्याची शक्यता जास्त.

हवेचा दोष शोधणं सगळ्यांत किचकट, त्यामुळे त्यावर जरा थांबतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतची, म्हणजे टाकीतून डिझेल खेचणाऱ्या पंपापर्यंतची लाईन ओढीची आहे. तिथल्या फटीतून डिझेल बाहेर गळत नाही, बाहेरची हवा आत जाते. म्हणजे जॉईंट कोरडा दिसला म्हणून तो चांगला ठरत नाही. थंडीत जुने रबरी पाईप आणि ओ-रिंग कडक होतात, आकसतात. रात्रभरात लाईनमधलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं आणि सकाळी पंपाला हवाच मिळते. पंपाच्या आधी पारदर्शक पाईपचा तुकडा जोडा. बुडबुडे डोळ्यांना दिसतील. मग डिझेलचा स्वच्छ कॅन घ्या, टाकीची लाईन काढून फीड त्या कॅनमधून द्या आणि हँड प्रायमरने, म्हणजे हाताने दाबायच्या छोट्या पंपाने, एअर काढा. गाडी सुतासारखी चालली, तर दोष टाकी आणि पंप यांच्या मधे आहे. तरीही बुडबुडे आले, तर फिल्टर हाऊसिंग, प्रायमर, बँजो बोल्टचे (पाईप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर तपासा. एवढ्या एका चाचणीने अर्धी गाडी संशयातून बाद होते. वॉटर सेपरेटरमधलं पाणीही याच वेळी काढून बघा. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी रोज थंडीत उभी राहत असेल, तर आत पाणी साठतंच.

ठेक्यातलं मिसिंग असेल तर जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या इंजिनावर एकेका नोझलच्या पाईपचा नट किंचित ढिला करा. चालू सिलेंडरचा नट ढिला केला की इंजिनाचा आवाज बदलतो, फेरे कमी होतात. ज्याने काहीच फरक पडत नाही, तो मेलेला. मग त्याचा नोझल शेजारच्या सिलेंडरच्या नोझलशी अदलाबदल करा. मिसिंग नोझलबरोबर सरकलं तर नोझल खराब. जागेवरच राहिलं तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट), कॉम्प्रेशन आणि पंपाचा तो एलिमेंट (त्या सिलेंडरला डिझेल दाबून देणारा भाग) या क्रमाने जा. टॅपेटचं माप मॅन्युअलमध्ये बघूनच ठेवा. कमिन्स 6बीटी या इंजिनाला ते थंड असताना इनटेक 0.25 आणि एक्झॉस्ट 0.51 मिलिमीटर असतं. पण एका इंजिनाचं माप दुसऱ्याला चालत नाही.

कॉमन रेल इंजिनावर, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून (रेल) डिझेल मिळतं तिथे, हा नट कधीही, कुठल्याही परिस्थितीत ढिला करायचा नाही. तिथे पाईपमध्ये हजार-दीड हजार बारच्या वर प्रेशर असतं. इंजिन बंद केल्यावरही मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबूनच पान्याला हात लावायचा. अशा गाडीत इन्फ्रारेड थर्मामीटरने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या एकेका तोंडाचं तापमान बघा. मेलेल्या सिलेंडरचं तोंड गार राहतं. आणि हे फक्त सुरुवातीच्या काही मिनिटांतच स्पष्ट दिसतं. स्कॅनर लावाल तेव्हा एरर कोडच्या आधी कूलंटचं तापमान वाचा. रात्रभर उभ्या गाडीत ते बाहेरच्या हवेइतकंच दिसायला हवं. सेन्सर पहाटे साठ अंश दाखवत असेल, तर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, इंजिन गरमच वाटतं आणि थंडीसाठीचा जास्तीचा डोस ते देत नाही. मग सेल्फ मारताना रेल प्रेशर किती चढतं ते बघा, आणि शेवटी इंजेक्टरची रिटर्न टेस्ट, म्हणजे कुठला इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडतो ते मोजणं.

ड्रायव्हरशी बोलणं हाही तपासाचाच भाग आहे. आपल्याकडे विजयपूर, कलबुर्गी, हैदराबादच्या गाड्या येतात. मोडकंतोडकं कन्नड आणि तेलुगू आलं तर फार उपयोग होतो. "अण्णा, रात्री गाडी उतारावर लावली होती का? डिझेल कुठं भरलं? याआधी कुणी काय उघडलं होतं?" या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्मा रस्ता सापडतो. टाकीखाली किंवा ऑईलच्या चेंबरखाली पेटता बोळा धरून गाडी गरम करण्याची सवय दिसली, तर तिथेच थांबवा. इनटेक हीटर (आत जाणारी हवा तापवणारा) असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रेही मारू देऊ नका, स्फोट होतो.

दहावीनंतर आयटीआयचा मेकॅनिक डिझेल ट्रेड एक वर्षाचा आहे, त्यानंतर अप्रेंटिसशिप. माझं मत असं, की त्यानंतर थेट मोठ्या वर्कशॉपच्या मागे न लागता काही महिने पंप-नोझलच्या दुकानात काढावेत. पगार कमी मिळेल. पण टेस्टरवर दोनशे-अडीचशे बारला उघडणारा चांगला फवारा आणि थेंब टाकणारा नोझल शेजारी शेजारी पाहिल्याशिवाय पांढरा धूर खऱ्या अर्थाने कळत नाही. तिथे काम करताना हात फवाऱ्यासमोर नेऊ नका. त्या दाबाने डिझेल कातडीतून आत शिरतं. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली आणि दुखत नसलं, तरी हळद लावून कामाला लागू नका. तडक सिव्हिलला जा आणि डॉक्टरांना "डिझेल प्रेशरने आत गेलंय" हे स्पष्ट शब्दांत सांगा, कारण काही तासांच्या उशिराने बोट गमवावं लागू शकतं.