ठाण्याहून तीर्थनला: खाडीत गरवणाऱ्यांसाठी ट्राउटची तयारी

ठाण्या-नवी मुंबईत गळ टाकणाऱ्याचा हात खाडीवर बसलेला असतो. पाणी गढूळ, मासा वासावर येणार, म्हणून कोळंबी नाहीतर बांगड्याचा तुकडा लावायचा, शिसं तळाला सोडायचं आणि वाट बघायची. हिमाचलच्या तीर्थनसारख्या नदीवर हीच पद्धत नेली तर दिवस कोरडा जातो. तिथलं पाणी नितळ असतं आणि ट्राउट हा थंड पाण्यातला मासा डोळ्यांनी शिकार करतो. त्याला तुमची सावली दिसली की तो दगडाखाली शिरतो आणि बराच वेळ बाहेर येत नाही. म्हणून सामान हलकं, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) बारीक आणि माणूस सतत चालता हवा. एवढा बदल आधी करा, बाकीचं त्यानंतर.

कधी जायचं

हिमाचलमध्ये ट्राउटच्या नद्यांवर १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते. थंडीत मादी नदीच्या तळातल्या खडीत खळगा करून अंडी घालते. त्या खडीवरून चालणंसुद्धा अंड्यांना मारक ठरतं. उरलेले आठ महिनेही सारखे नसतात. मार्च ते मेचा मध्य चांगला. त्यानंतर बर्फ जोरात वितळतं आणि नदी दुधट होऊन फुगते, जुलै-ऑगस्ट पावसाचे. पहिल्यांदा जाणाऱ्याने सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर धरावा: पाणी उतरलेलं, स्वच्छ आणि पाय टाकायला सोपं.

नवख्यांसाठी कुलू जिल्ह्यातलं तीर्थन खोरं बरं. चंडीगडहून मनालीकडे जाणाऱ्या बसने औटला उतरायचं, तिथून बंजार आणि पुढे गुशैणी. मासेमारीचा परवाना राज्याच्या मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो. दिवसाला किती मासे ठेवता येतात आणि किमान लांबी किती, हे तिथेच विचारून वहीत लिहून घ्या. हे नियम बदलतात, ऐकीव माहितीवर जाऊ नका. वर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क लागतं, त्यात शिरायला वेगळी परवानगी लागते. मासेमारीचा परवाना तिथे दाखवून चालत नाही.

सामान

खाडीत जिताड्यासाठी वापरता तो रॉड घरीच ठेवा. त्या जाड रॉडने चार ग्रॅमचं आमिष दहा फूटही जात नाही. सहा ते सात फुटांचा अल्ट्रालाइट स्पिनिंग रॉड घ्या, त्याला १००० किंवा २००० आकाराची रील आणि ४ ते ६ पाउंडाची तंगूस. तंगूस स्पूलच्या (रीलमधल्या तंगूस गुंडाळायच्या चरखीच्या) कडेपासून दोन मिलिमीटर खाली राहील एवढीच भरा. काठोकाठ भरली की फेकताना वेटोळी एकदम सुटतात आणि गुंता होतो, कमी भरली की कडेला घासून फेक आखूड पडते.

आमिष म्हणून फिरत्या पात्याचे स्पिनर, ३ ते ६ ग्रॅमचे, निदान सहा-सात घ्या. दगडांत दोन-तीन तरी जाणारच. ऊन असेल तर तांब्याच्या रंगाचं पातं, ढगाळ असेल तर चांदीचं. स्पिनरच्या वर ३०-४० सेंटिमीटरवर छोटा स्विव्हल (गोल फिरणारी कडी) बांधा, नाहीतर पात्याबरोबर तंगूसही पिळत जाते आणि तासाभरात तिचा चिवडा होतो. तीन तोंडांच्या गळाची दोन तोंडं कटरने कापून टाका आणि उरलेल्या तोंडाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. तंगूस ताणलेली ठेवली तर अशा गळावरून मासा फारसा सुटत नाही, आणि सोडायचा असेल तेव्हा गळ क्षणात निघतो. बोटात घुसलाच तर तिथूनही सहज निघतो.

पोलराइज्ड चष्मा मात्र चुकवू नका. पाण्यावरची चकाकी जाते, तळ आणि मासा दिसतो, आणि उडत आलेल्या गळापासून डोळा वाचतो. रबरी जाळीचं हातजाळंही हवंच. सुतळी किंवा नायलॉनच्या गाठींनी माशाचा बुळबुळीत थर खरवडला जातो आणि तिथे बुरशी धरते.

रॉड न्यायला हार्डवेअरच्या दुकानातून दोन इंची पीव्हीसी पाइप आणि दोन टोप्या घ्या. दोन तुकड्यांचा सात फुटी रॉड साडेतीन फुटांपेक्षा थोड्या लांब पाइपात बसतो आणि रेल्वेच्या बर्थखाली निवांत राहतो. विमानाने जाणार असाल तर गळ, पक्कड, कटर सगळं चेक-इनच्या बॅगेत. कपड्यांत जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. लोकरीचे मोजे आणि पातळ लोकरी बनियन, दोन्हींचे जादा जोड घ्या.

निघण्याआधी ठाण्यातच करायचा सराव

मैदानावर बादली ठेवा आणि आठ-दहा मीटरवरून गळ नसलेलं चार ग्रॅमचं शिसं तिच्यात टाकायला शिका. लांब फेक इथे कामाची नाही, नेमकी फेक कामाची. शिसं पडताच रीलची बेल (तंगूस अडवणारी तारेची कमान) हाताने बंद करा आणि ढिली तंगूस बोटाने ताणून घ्या. हँडल फिरवून बेल बंद केली की स्पूलवर सैल वेटोळं राहतं आणि पुढच्या फेकीला तेच गाठ होऊन बाहेर येतं.

रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला तंगूस सुटावी ते ठरवणारा ब्रेक, लावायला अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली पुरते. तंगूस रॉडच्या सगळ्या कड्यांतून ओवा, टोकाला बाटली बांधा, रॉड तिरका धरून ती उचला. बाटली जेमतेम खाली सरकत राहील असा ड्रॅग सोडा. चार पाउंडाची तंगूस सुमारे १.८ किलोला तुटते, ड्रॅग त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाला सुटायला हवा, आणि ही बाटली त्यातच येते.

गाठीसाठी क्लिंच गाठ पुरे. टोक गळाच्या डोळ्यातून काढा, मूळ तंगुशीला पाच-सहा वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या छोट्या फटीतून आणि मग तयार झालेल्या मोठ्या फासातून काढा. थुंकीने ओली करा आणि हळू ओढा. कोरडी ओढली तर घर्षणाने नायलॉन तापतो आणि नेमका तिथेच तुटतो. मासा सुटल्यावर तुटलेलं टोक नीट बघा. स्प्रिंगसारखं वळलेलं असेल तर गाठ सरकली. खरखरीत असेल तर दगडाने घासलं, शेवटचा मीटरभर कापून नवी गाठ मारा.

पाणी वाचायचा सराव येऊरच्या ओढ्यावर होतो. पाऊस ओसरल्यावर काठावर उभं राहून वाळकं पान प्रवाहात सोडा आणि ते कुठे रेंगाळतं, कुठे गोल फिरतं, कुठे दोन वेगांच्या मधल्या रेषेवरून जातं ते बघा. पाण्यात उतरू नका, गळही टाकू नका, ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे.

नदीवर

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो: मोठ्या दगडाच्या पुढच्या उशीत (दगडावर आपटून मंदावलेल्या पाण्यात) आणि मागच्या संथ पाण्यात, वेगवान आणि संथ पाण्याच्या सीमारेषेवर, डोहाच्या शेवटच्या उथळ टोकाला, आणि मुळांखाली पोखरलेल्या काठात. ताकद वाया न घालवता खाणं तोंडाशी यावं, हाच त्याचा हिशेब. त्याला मागचं दिसत नाही, म्हणून खालच्या बाजूने वर चालत जा आणि वाकून, दगडाआडून जवळ या. सकाळी पूर्वेच्या काठावर उभे राहिलात तर तुमची सावली पाण्यावर पडते, काठ बदला.

स्पिनर प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरका टाका आणि पाण्याच्या वेगापेक्षा थोडं जास्त वेगाने गुंडाळा. पातं फिरतंय की नाही हे रॉडच्या टोकाच्या थरथरीवरून कळतं. थरथर थांबली की एकतर कचरा अडकला किंवा तुम्ही मंद झालात. एका जागी पाच-सहा फेकी, मग पुढचा दगड. त्याच डोहात तासभर उभं राहणं ही खाडीची सवय. ट्राउटला घ्यायचं असेल तर तो पहिल्या काही फेकींतच घेतो.

मासा लागला की रॉड तिरका ठेवून बाजूला ओढ द्या, खळाळात जाऊ देऊ नका. हात ओले करूनच धरा आणि शक्यतो जाळ्यातच, पाण्याखाली गळ काढा. फोटोसाठी दहा सेकंदं पुष्कळ झाली. अंगावर फिकट कडा असलेले काळे-लाल ठिपके असतील तर ब्राउन ट्राउट, गुलाबी पट्टा आणि शेपटीभर काळे ठिपके असतील तर रेनबो ट्राउट. जंगली ब्राउन सोडून द्यावा असं आमचं ठाम मत आहे: थंड पाण्यात तो हळू वाढतो. खायचाच असेल तर खोऱ्यात रेनबोची शेततळी आहेत, तिथला ताजा मासा मिळतो. सोडताना माशाचं तोंड प्रवाहाकडे करून आधार द्या आणि तो स्वतः निघेपर्यंत थांबा.

पाण्याची भीती मनात असूच द्या. दिवसभर बर्फ वितळतं, त्यामुळे सकाळी गुडघाभर असलेली वाट संध्याकाळी मांडीपर्यंत येऊ शकते. परतीची वाट त्याच काठाने ठेवा. धरणाखालच्या नद्यांवर तर पात्रात थांबूच नका. जून २०१४ मध्ये लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात बियास नदीत हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. भोंगा ऐकू आला, पाणी अचानक गढूळ झालं किंवा काटक्या वाहत आल्या, तर रील गुंडाळत बसू नका, वर चढा.

एका नदीवरून दुसरीवर जाण्याआधी बूट आणि जाळं घासून पूर्ण वाळवा, माशांचे रोग ओल्या तळव्यातून फिरतात. घरी आल्यावर स्पिनर डबीत तसेच बंद ठेवले तर आपल्याकडच्या दमट हवेत महिनाभरात गळ गंजतात. वाळवून, तेलाचा हात फिरवून ठेवा. ड्रॅगचं बटण पूर्ण सैल करा, नाहीतर आतल्या चकत्या चिकटून बसतात.