पर्सेंटाईल हाती आल्यानंतर: नामांकित अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाची तयारी

एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो: एवढ्या पर्सेंटाईलवर (म्हणजे शेकडा किती परीक्षार्थी आपल्या मागे आहेत त्या आकड्यावर) पुण्याचे सीओईपी किंवा मुंबईचे व्हीजेटीआय मिळेल का? कनिष्ठ महाविद्यालयात शिकवता शिकवता प्रवेशाच्या हंगामात कागदपत्र-पडताळणी केंद्रावरही बसण्याची पाळी माझ्यावर अनेकदा आली आहे, आणि तेथे जे दिसते ते या प्रश्नात मावणारे नाही. सारख्याच पर्सेंटाईलची, एकाच प्रवर्गातील दोन मुले दोन अगदी निराळ्या महाविद्यालयांत जाऊन पोहोचतात, आणि त्यांच्यातील फरक बहुधा एखाद्या मुदत संपलेल्या दाखल्यात किंवा घाईघाईने भरलेल्या ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे महाविद्यालय-शाखांच्या पसंतीक्रमाच्या अर्जात, सापडतो. गुण वाढवण्याचे मार्ग सांगणारे पुष्कळ आहेत. मिळालेल्या गुणांचे पूर्ण मोल कसे पदरात पाडून घ्यावे, हे सांगणारे त्या मानाने कमी.

ज्यांची परीक्षा अद्याप व्हायची आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे असतात आणि गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. सुमारे ८० टक्के प्रश्न बारावीच्या आणि २० टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राच्या पहिल्या पेपरात ९० मिनिटांत १०० प्रश्न सोडवायचे असल्यामुळे एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद मिळतात, तर गणितात १०८. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्याचे कारण नाही. तरीही ‘येत नव्हते म्हणून सोडले’ असे सांगणारी मुले दरवर्षी भेटतात. बारावीचे गुण सीईटीच्या गुणवत्ता यादीत मिळवले जात नसले, तरी प्रवेशाच्या पात्रतेसाठी पीसीएममध्ये ४५ टक्के, आणि मागासवर्गीय उमेदवारांना ४० टक्के, आवश्यक असतात. शिवाय जेईई मेन या देशपातळीवरील परीक्षेतून एनआयटी या केंद्रीय संस्थांचा विचार असेल तर बारावीचे साधारणपणे ७५ टक्के लागतात. बोर्डाची परीक्षा वाऱ्यावर सोडण्याइतकी ती बिनमहत्त्वाची नाही.

आता कागदपत्रांकडे वळू, कारण सर्वांत जास्त नुकसान येथेच होते. आरक्षित प्रवर्गातून अर्ज करणाऱ्याला जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागते, ज्याला सर्वजण नुसते ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती व भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गांना यांखेरीज नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे, प्रमाणपत्रही लागते, आणि त्याची मुदत प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत असावी लागते. मुदतीचा हा मुद्दा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दाखला आहे, शिक्का आहे, अधिकाऱ्यांची सही आहे, पण त्याची मुदत गेल्या मार्चमध्येच संपली आहे, आणि वडील काचेपलीकडून पुन्हा पुन्हा सांगत आहेत की ‘साहेब, हाच दाखला अकरावीला चालला होता’, हे दृश्य मला तोंडपाठ झाले आहे. तो दाखला नव्याने काढायला सेतू केंद्रात रांग, त्यात जूनमध्ये साऱ्या तालुक्याची तीच घाई. नवा दाखला एप्रिलमध्येच काढून ठेवला, तर ही धावपळ टळते.

व्हॅलिडिटीचे काम मात्र एप्रिलवरही टाकता येण्यासारखे नाही. तो अर्ज अकरावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जायला हवा. अनुसूचित जमातींसाठी वेगळ्या समित्या आहेत. समितीला वंशावळ लागते आणि जुने पुरावे लागतात: ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे, व्हीजेएनटींसाठी १९६१ पूर्वीचे आणि अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीचे. याचा व्यवहारातील अर्थ असा की आजोबांच्या, प्रसंगी पणजोबांच्या, शाळेच्या दाखल्याची किंवा प्रवेश-निर्गम नोंदवहीतील उताऱ्याची गरज पडते, आणि तो उतारा काढण्यासाठी गावच्या शाळेत स्वतः जावे लागते. घरात काकांची, आत्याची किंवा सख्ख्या भावंडाची व्हॅलिडिटी झालेली असेल, तर तिची प्रत जोडल्याने काम बरेच सोपे होते. पडताळणीच्या वेळी अर्जाची पावती मान्य करून मूळ प्रमाणपत्रासाठी पुढची तारीख देण्याची पद्धत आहे. पण ती तारीख चुकली, तर उमेदवाराची गणना खुल्या प्रवर्गात होते आणि मिळालेली जागाही हातची जाऊ शकते.

नावातील तफावत ही याच घराण्यातील दुसरी पीडा. एका मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव ‘ज्ञानदेव’ होते आणि जातीच्या दाखल्यावर ‘ज्ञानेश्वर’. गावात त्या दोन्ही नावांनी हाक मारली तरी तोच माणूस वळून बघत असेल, पण संगणकाला आणि समितीला तसे वाटत नाही. अशी दुरुस्ती परीक्षेच्या आधीच्या दिवाळीच्या सुट्टीत होते. जुलैत ती करू म्हटले तर प्रत्येक टेबलावर नवी तारीख मिळते. म्हणून सगळी कागदपत्रे एकदा जमिनीवर ओळीने मांडावीत आणि विद्यार्थ्याचे, आईचे व वडिलांचे नाव प्रत्येक कागदावर अक्षरशः बोट ठेवून वाचावे. त्यात वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला, लागू असल्यास आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे (ईडब्ल्यूएस) प्रमाणपत्र राज्याच्या विहित नमुन्यात, आणि उत्पन्नाचा दाखला हेही असावेत. सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे की वादग्रस्त सीमाक्षेत्रातील उमेदवारांसाठी ‘टाइप ई’ ही स्वतंत्र वर्गवारी आहे. बेळगावकडील कित्येक कुटुंबांना तिची माहितीच नसते.

तात्पुरती गुणवत्ता यादी जाहीर झाल्यावर हरकती नोंदवण्यासाठी थोडे दिवस दिले जातात. त्या यादीत अनेकजण फक्त आपला क्रमांक बघतात आणि यादी मिटून टाकतात. त्याऐवजी स्वतःचा प्रवर्ग, लिंग, उमेदवारीचा प्रकार आणि गृहविद्यापीठ हे चार रकाने तपासावेत, कारण अंतिम यादी लागल्यानंतर तेथील चूक सुधारणे जवळजवळ अशक्य असते.

गृहविद्यापीठाचा उल्लेख आला, तेव्हा थोडे विषयांतर करतो. विद्यापीठाला संलग्न असलेल्या, स्वायत्त नसलेल्या महाविद्यालयांत राज्याच्या वाट्यातील ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी आणि ३० टक्के बाहेरच्यांसाठी असतात, आणि तुमचे क्षेत्र बारावीचे महाविद्यालय ज्या जिल्ह्यात आहे त्यावरून ठरते, घराच्या पत्त्यावरून नव्हे. पुण्याचा मुलगा शिकवणीसाठी लातूरला दोन वर्षे राहिला आणि तेथूनच बारावी झाला, तर त्याचे गृहविद्यापीठ नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ होते, आणि घरापासून चार किलोमीटरवरच्या महाविद्यालयात तो बाहेरचा ठरतो. सीओईपी, व्हीजेटीआय यांसारख्या संस्थांत जागा राज्यस्तरावर भरल्या जातात, त्यामुळे तेथे याने बिघडत नाही. पण ‘लातूर पॅटर्न’चा, म्हणजे शिकवणीसाठी लातूरला जाण्याचा, निर्णय दहावीनंतर घेताना हा हिशेब कोणी मांडत असल्याचे मला तरी दिसले नाही.

मागील वर्षांचे कटऑफ, म्हणजे प्रत्येक जागेवर शेवटचा प्रवेश कितीवर झाला ते आकडे, वाचण्याचीही एक रीत आहे. तक्त्यात प्रत्येक जागेला सांकेतिक नाव असते: पहिले अक्षर ‘जी’ असेल तर सर्वसाधारण, ‘एल’ असेल तर मुलींसाठी राखीव, मध्ये प्रवर्ग, आणि शेवटी ‘एच’ म्हणजे गृहविद्यापीठ, ‘ओ’ म्हणजे बाहेरचे, ‘एस’ म्हणजे राज्यस्तर. स्वतःला लागू नसलेल्या रकान्यातील आकडा पाहून आनंदित किंवा निराश होणारे पालक मी बरेच पाहिले आहेत. दुसरे असे की पर्सेंटाईलपेक्षा गुणवत्ता क्रमांकाची तुलना अधिक भरवशाची असते. पीसीएमला तीन लाख विद्यार्थी बसले असे धरले, तर ०.१ पर्सेंटाईलच्या फटीत ३०० विद्यार्थी मावतात. परीक्षार्थींची संख्या वाढली की त्याच पर्सेंटाईलमागचा क्रमांकही खाली घसरतो. म्हणून गेल्या वर्षी ९९.२ वर मिळालेली शाखा यंदा ९९.२ वर मिळेलच, असे समजू नये. तीन वर्षांचे, प्रत्येक फेरीचे शेवटचे क्रमांक वहीत लिहून काढावेत. संध्याकाळभराचे काम आहे, आणि ते विद्यार्थ्याने स्वतः करावे.

आता ऑप्शन फॉर्म. यात ३०० पर्यंत पर्याय भरता येतात, तरी दहा-बारा भरून मोकळे होणारे असतातच. जागावाटपाची पद्धत एकदा समजली की पुष्कळ भीती जाते. संगणक गुणवत्ता यादीतील वरच्या उमेदवारापासून सुरुवात करतो, त्याचा पहिला पर्याय पाहतो, तेथे जागा नसेल तर दुसरा, मग तिसरा, आणि जेथे जागा मिळेल तेथे थांबतो. याचा अर्थ असा की न मिळण्यासारखे महाविद्यालय वर लिहिल्याने खालच्या पर्यायांवरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. ‘पहिला नंबर वाया जाईल’ ही समजूत निराधार आहे. आरक्षित प्रवर्गातील विद्यार्थ्याचाही खुल्या जागेसाठी विचार होतच असतो. प्रवर्ग नोंदवल्याने खुल्या जागेचा हक्क जात नाही.

याची दुसरी बाजू मात्र कडक आहे. २०२५-२६ पासून कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, चार फेऱ्या होऊ लागल्या आणि नियम असा आला की पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर जागा आपोआप ‘फ्रीज’, म्हणजे पक्की, होते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी एक मिळाला तर, आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एक मिळाला तर. फ्रीज झालेली जागा स्वीकारली नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर पडता. त्यामुळे वरचे सहा पर्याय असेच असावेत की त्यांतला कोणताही मिळाला तरी घरात दुसरी चर्चा होऊ नये. सहाव्या क्रमांकावर ‘असू दे’ म्हणून टाकलेल्या शाखेने एका हुशार मुलाची वाट कायमची अडवलेली मी पाहिली आहे. त्याची खरी पसंती नवव्या क्रमांकावर होती. हे नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहिती पुस्तिका मुळातून वाचावी. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मागच्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबू नये.

महाविद्यालय आधी की शाखा आधी, या वादात माझे मत विचाराल तर, संगणकाकडेच जायचे ठरले असेल तर माहिती तंत्रज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता व विदा विज्ञान अशा जवळच्या शाखा एकाच महाविद्यालयात लागोपाठ लिहाव्यात, कारण त्यांच्या पहिल्या दोन वर्षांच्या अभ्यासात बरेच साम्य असते. पण ज्याला स्थापत्य किंवा यंत्र अभियांत्रिकीची खरी ओढ आहे, त्याने केवळ कटऑफ जास्त आहे म्हणून संगणक शाखा वर लिहू नये. १८५४ साली सुरू झालेल्या सीओईपीची किंवा १८८७ च्या व्हीजेटीआयची स्थापत्य शाखा ही काही पडलेली भाकरी नव्हे.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा, वेगळ्या चॉईस कोडने (प्रत्येक महाविद्यालयाच्या शाखेला दिलेल्या सांकेतिक क्रमांकाने) भराव्या लागतात; त्या कोडच्या शेवटी ‘टी’ हे अक्षर असते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर त्या जरूर लिहाव्यात, मात्र त्यांचा कटऑफ बहुधा साध्या जागेहून वर जातो, म्हणून त्याच शाखेचा साधा कोड लगेच खाली असावा. मुलींच्या बाबतीत आणखी एक विचार आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, परंतु प्रवेश कॅपमधून झालेला असला तरच. महाविद्यालय स्वतः भरते ती संस्थास्तरावरील जागा घेतली की ही सवलत हातून जाते.

जेईई मेन दिली असेल, तर अखिल भारतीय जागांसाठीही अर्जात तिचे गुण नोंदवावेत. सीईटी बिघडलेल्या काही मुलांना त्या जागांनीच तारले आहे. फॉर्म भरून झाला की तो ‘कन्फर्म’ केल्याची छापील प्रत काढावी, कारण जतन केलेला पण कन्फर्म न केलेला फॉर्म जागावाटपात धरला जात नाही, आणि पुढच्या प्रत्येक फेरीआधी तो पुन्हा उघडून तपासावा लागतो. शेवटच्या रात्री संकेतस्थळ रेंगाळते. फॉर्म आदल्या दिवशी दुपारपर्यंत संपवावा.

जागा मिळाल्यावर स्वीकृती शुल्क भरून ‘बेटरमेंट’, म्हणजे आणखी वरच्या पर्यायासाठी थांबणे, निवडले, तर पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळताच आधीची जागा आपोआप रद्द होते. न मिळाल्यास ती तशीच राहते. शेवटी महाविद्यालयात हजर होण्याची तारीख दोन-तीन दिवसांचीच असते, आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला बहुतेकदा जुन्या कनिष्ठ महाविद्यालयातच पडून असतो. तो निकालाच्याच आठवड्यात काढून आणावा आणि त्याच्या पाच-सहा साक्षांकित प्रती करून फाईलच्या वरच्या कप्प्यात ठेवाव्यात. कॅपच्या फेऱ्या संपल्यावरही काही जागा रिकाम्या राहतात आणि त्या महाविद्यालयाच्या स्तरावर गुणवत्तेने भरल्या जातात. त्यासाठी संबंधित महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर किंवा संकेतस्थळावर त्या दिवसांत रोज सकाळी नजर टाकावी आणि ठरलेल्या वेळेआधी ती फाईल घेऊन तेथे पोहोचावे.