कपाशी: नफा ठरवणारी वीस हिरवी बोंडे

पहिली वेचणी आटोपली की झाडावर उरलेली हिरवी बोंडे मोजून पुढच्या उत्पन्नाचा अंदाज बांधला जातो आणि त्याच भरवशावर पुढचा खर्चही केला जातो. मात्र गुलाबी बोंडअळीची बारीक अळी आत शिरल्यावर तिचे प्रवेशछिद्र बुजून जाते आणि बोंड बाहेरून निरोगीच दिसते. विदर्भ-मराठवाड्यात दोन-चार एकरांची कपाशी तोट्यात जाताना वारंवार आढळलेली हयगय एकच आहे, ती म्हणजे हिरवी बोंडे वेळेवर फोडून न पाहणे. रात्री गारवा वाढत असताना आणि आभाळ भरून येत असताना हे काम पुढच्या आठवड्यावर ढकलू नये.

आठवड्यातून एकदा शेतात तिरपे चालत, वेगवेगळ्या वीस झाडांवरून प्रत्येकी एक मध्यम वाढीचे, अंगठ्याने दाबल्यास किंचित दबणारे बोंड तोडावे. ते ठेचू नये, चाकूने एकेक कप्पा उघडावा. सालीच्या आतल्या बाजूला फोडासारखी गाठ, कुरतडलेली ओली सरकी आणि काळसर डोक्याची पांढुरकी अळी यांपैकी काय दिसते ते नीट पाहावे. अळी मोठी झाल्यावरच गुलाबी होते, त्यामुळे गुलाबी रंग शोधत बसणाऱ्याला उशीर झालेला असतो. वीसपैकी दोन बोंडांत जिवंत अळी सापडली तर आर्थिक नुकसानीची पातळी (जिथून फवारणीचा खर्च परवडतो ती पातळी) गाठली असे समजावे. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावले असतील आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले, तरीही तोच निष्कर्ष निघतो. सापळे नसतील तर निदान बोंडे फोडावीत, त्याला पैसे लागत नाहीत.

पातळी गाठण्यापूर्वी 5 टक्के निंबोळी अर्काची फवारणी पुरेशी आहे. पातळी ओलांडल्यावर 10 लिटर पाण्यात इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजी 4 ग्रॅम किंवा थायोडीकार्ब 75 डब्ल्यूपी 20 ग्रॅम, यांपैकी एकच औषध घ्यावे (प्रमाण साध्या पंपासाठी आहे). टॉनिक, स्टिकर आणि दोन-तीन कीटकनाशकांची दुकानातून बांधून मिळणारी पुडी नाकारावी. औषध कोणत्या किडीसाठी आहे आणि ती किती आढळल्यावर मारायचे, हे विक्रेत्याला सांगता येत नसेल तर ते घेऊ नये. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले, हे मिश्रणे करताना तरी विसरू नये. अमावस्येच्या सुमारास अंडी घालण्याचा जोर वाढतो, असा अनेक जुन्या कास्तकारांचा अनुभव आहे. तो सर्वत्र लागू पडेलच असे नाही, तरी अमावस्येनंतर तीन-चार दिवसांनी बोंडे फोडण्याचा एक जादा फेरा मारण्यात तोटा नाही.

या दिवसांतील नेहमीची कामे:
- गळून पडलेली पाते (फुलांच्या कळ्या) व बोंडे वेचून नष्ट करणे.
- डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली, गुलाबकळीसारखी दिसणारी फुले) तोडून अळीसह नष्ट करणे.
- वेचणी दव उतरल्यावर, कोरड्या कापडी झोळीत.
- कवडी (किडका, डागाळलेला) कापूस वेगळा ठेवणे.
- विक्रीपूर्वी कापूस वाळवणे. 12 टक्क्यांहून अधिक ओलावा असल्यास हमीभाव केंद्रावर माल नाकारला जातो.

हिशेबाची खरी कसोटी डिसेंबरमध्ये लागते. पाण्याची सोय असली की फरदड घेण्याचा (मुख्य वेचण्या संपल्यावरही पाणी देऊन तेच पीक पुढे ठेवण्याचा) मोह होतो, कारण झाड हिरवे असते आणि बियाण्याचा खर्च पुन्हा करावा लागत नाही. परंतु फरदडीच्या खर्चात ओलिताची वीज, फवारणी आणि वेचणीची मजुरी धरावीच लागते; किडका कापूस बोंडातून सहज सुटत नाही, त्यामुळे त्याच मजुरीत कमी कापूस निघतो आणि त्याला भावही कमी मिळतो. घरच्या माणसांची मजुरी तर बहुतेक वह्यांत लिहिलीच जात नाही, आणि मोकळ्या होणाऱ्या रानात निघू शकणारा हरभरा कोणी मोजत नाही. म्हणून फरदडीचे पाणी सोडण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा वीस बोंडे फोडावीत. निम्म्या बोंडांत अळी दिसली तर पाणी सोडूच नये. आमच्या मते अळी कमी दिसली तरी डिसेंबरअखेर पीक काढावेच, कारण हीच अळी सरकीत आणि पऱ्हाटीत (कपाशीच्या वाळक्या झाडात) सुप्तावस्थेत राहून पुढच्या हंगामात शेजारच्या रानासह सगळीकडे पसरते. बोलगार्ड-2 चे वाण (बोंडअळीला मारणारी दोन विषे झाडातच तयार होणारे बीटी कपाशीचे वाण) असल्याने अळी येणार नाही, या समजुतीवर विसंबू नये. तिने त्यातील दोन्ही विषांविरुद्ध प्रतिकारक्षमता मिळवलेली आहे.

पऱ्हाटी उपटल्यावर बांधावर रचून ठेवू नये. श्रेडरने बारीक करून कंपोस्टात घालावी आणि जनावरे सोडायची असल्यास ती उपटण्याआधीच उभ्या पिकात सोडून उरलेली बोंडे चारावीत.