गोधडीचे कोपरे काटकोनात कसे शिवावेत

गोधडी कितीही देखण्या धावदोऱ्यांनी भरलेली असली, तरी ती घडी घालताना नजर तिच्या चार कोपऱ्यांवरच जाते. एखादा कोपरा गोल झाला असेल किंवा कुत्र्याच्या कानासारखा बाहेर आला असेल, तर तो दोष घडीत लपत नाही. कोपरे शिवताना बहुतेकांचे सगळे लक्ष गोटाच्या, म्हणजे कडेभोवती लावायच्या पट्टीच्या, दुमडीवर असते. माझ्या मते मात्र निम्मे काम गोट लावण्यापूर्वी, गोधडी जमिनीवर पसरून मोजतानाच होऊन जाते आणि उरलेले निम्मे तीन सुतांवरच्या (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) एका खुणेवर अवलंबून असते.

धावदोरा घालताना कापड थोडे आकसते आणि सर्व बाजूंना सारखे आकसत नाही, म्हणून कडा कापण्याचे काम मधली शिवण पूर्ण झाल्यावरच करावे. गोधडी सपाट फरशीवर पसरून हाताने सुरकुत्या काढाव्यात. नव्या इमारतींतल्या दोन फुटी टाइल्सच्या रेघा सरळ धरायला चांगल्या उपयोगी पडतात; पुण्याच्या पेठांतल्या जुन्या घरांतल्या शहाबादी फरशीच्या सांध्यांवर मात्र तेवढा विश्वास ठेवू नये. समोरासमोरच्या बाजू सारख्या भरतात का हे आधी पाहावे, मग दोन्ही कर्ण मोजावेत. साठ इंच रुंद आणि नव्वद इंच लांब गोधडीचा कर्ण 108 इंचांहून अगदी किंचित जास्त भरतो. नेमका आकडा किती येतो यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे असणे महत्त्वाचे आहे. कर्णांत फरक निघाला, तर चूक कोणत्या कोपऱ्यात आहे हे शोधण्यासाठी गवंड्यांची रीत वापरावी: कोपऱ्यापासून एका कडेवर 18 इंचांवर आणि दुसऱ्या कडेवर 24 इंचांवर खूण करावी, आणि त्या दोन खुणांमधले तिरके अंतर 30 इंच येते का ते पाहावे. जास्त आले तर कोपरा फाकलेला आहे, कमी आले तर आवळलेला आहे. शिंप्याच्या खडूने नवी रेघ आखून सर्व थर एकदम कापावेत आणि कडेपासून दोन सूत आत चारही बाजूंनी धावदोरा घालून थर बांधून टाकावेत, म्हणजे गोट लावताना आतले लुगडे एकीकडे आणि वरचे दुसरीकडे सरकत नाही.

गोटासाठी साधे, घट्ट विणीचे सुती कापड घ्यावे. असे कापड पुण्यात कापडगंजात किंवा लक्ष्मी रस्त्यावर सहज मिळते. खणाची पट्टी दिसायला सुरेख असते, परंतु कापल्यावर तिची सुते निघत राहतात आणि दुमड टोकदार बसत नाही, म्हणून पहिल्याच गोधडीला ती लावण्याचा मोह टाळावा. कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापावे. गोधडीतली जुनी लुगडी अनेकदा धुतलेली असल्याने त्यांना जे आकसायचे ते आकसून झालेले असते; कोऱ्या कापडाचा गोट मात्र पहिल्या धुण्यात आकसतो आणि नीट शिवलेले कोपरेही आत ओढून वाकवतो. लाल किंवा गडद निळे कापड असेल, तर त्याचा रंग जातो का हेही या धुण्यातच कळते.

गोट म्हटला की शिंपी उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, पट्टीच कापायला सांगतील. गळ्याला किंवा गोल कडेला ते योग्यच आहे. पण गोधडीच्या कडा सरळ असतात आणि उरेब पट्टी ताणली जाऊन त्या कडांना लाटा आणते, म्हणून येथे उभ्या किंवा आडव्या धाग्यात कापलेली सरळ पट्टी घ्यावी. वर सांगितलेल्या मापाच्या गोधडीचा घेर 300 इंच होतो. त्यात कोपरे आणि शेवटचा जोड यांसाठी बाराएक इंच मिळवावेत. 44 इंच पन्ह्याच्या कापडातून अडीच इंच रुंदीच्या आठ पट्ट्या पुरतात, आणि आकसणे धरून पाऊण मीटर कापड घेतले की चिंता उरत नाही. पट्ट्या एकमेकींना तिरक्या जोडाव्यात, म्हणजे जाडी एका जागी साचत नाही. मग सबंध पट्टी लांबीत मधोमध दुमडून, सुलट बाजू बाहेर ठेवून, इस्त्री करावी. शिवण्यापूर्वी ती गोधडीभोवती नुसती ठेवून पाहावी आणि कोणताही जोड कोपऱ्यावर येत असेल, तर सुरुवातीची जागा पुढेमागे करावी.

सुरुवात नेहमी एखाद्या बाजूच्या मध्यावरून करावी आणि पट्टीचे आठदहा इंच मोकळे सोडावेत. पट्टीच्या उघड्या कडा गोधडीच्या सुलट बाजूवर, तिच्या कडेला मिळवून ठेवाव्यात आणि कडेपासून तीन सूत आत टीप मारावी. यंत्रावर 16 नंबरची सुई आणि जरा लांब टाका ठेवावा. हाताने शिवणाऱ्यांनी धावदोऱ्याऐवजी उलटटीप घालावी, कारण येथील ताण सारा या एका ओळीवर येतो.

कोपरा येण्याआधीच, पुढच्या कडेपासून तीन सुतांवर खडूने ठिपका केलेला असावा. टीप त्या ठिपक्यावर थांबवावी, दोनतीन टाके उलट मारून पक्की करावी आणि दोरा तोडावा. आता पट्टी गोधडीपासून दूर, सरळ वर दुमडावी. कोपऱ्यात तिरकी घडी पडते आणि पट्टीच्या उघड्या कडा पुढच्या बाजूच्या कडेशी एका रेषेत येतात. ती तिरकी घडी बोटाने दाबून ठेवून पट्टी पुन्हा खाली आणावी, अशी की नवी आडवी घडी नुकत्याच शिवलेल्या कडेशी तंतोतंत मिळेल. घडी कडेच्या खाली राहिली तर कोपऱ्याला कापड अपुरे पडून तो गोल होतो, आणि कडेच्या वर गेली तर त्याचे टोक बाहेर येते. टाचणी लावून पुढची टीप त्याच ठिपक्यापासून सुरू करावी. ठिपका ओलांडून टीप गेली, तर आतली तिरकी घडी टाक्यात अडकते आणि पट्टी उलटताना कोपरा उघडत नाही. ठिपक्याआधीच थांबली, तर तेथे पोकळी राहते. अशा वेळी ओढाताण करू नये. चार टाके उसवून पुन्हा शिवणे हेच लवकर होते.

चारही कोपरे झाले की पट्टीच्या सुरुवातीच्या टोकाची कड आत दुमडून दुसरे टोक त्यात सरकवावे आणि टीप पूर्ण करावी.

नंतर गोट उलट बाजूला वळवावा. थर पाचसहा असतील, तर कोपऱ्याच्या आतले इवलेसे टोक तिरके कापावे, पण ठिपक्यापासून किमान एक सूत कापड राखावे आणि फार कापू नये; आतून भरलेला कोपराच टोकदार दिसतो. टोक बाहेर काढायला कात्री न वापरता बोथट विणकामाची सुई वापरावी. सुलट बाजूच्या घडीची जाडी कोणत्या बाजूला झुकली आहे हे चिमटीत धरून पाहावे आणि उलट बाजूची घडी तिच्या विरुद्ध दिशेला घालावी. कोपरा सपाट बसावा यासाठी ही एक गोष्ट सर्वांत उपयोगी आहे. गोट धरून ठेवायला वाळत घालण्याचे साधे चिमटे टाचण्यांपेक्षा बरे पडतात. टिपेची ओळ झाकली जाईल अशा बेताने बारीक टाक्यांनी तुरपाई करावी आणि तिरक्या घडीवरही दोन्ही बाजूंनी तीनचार टाके घालावेत.

वेगळा गोट न लावता अस्तराचेच कापड वर आणायचे असेल, तर अस्तर चारही बाजूंनी दीड इंच मोठे ठेवावे. ते आधी निम्मे दुमडून त्याची कड गोधडीच्या कडेला मिळवावी, मग कोपऱ्याचे टोक असे तिरके आत दुमडावे की ती घडी गोधडीच्या नेमक्या कोपऱ्यावरून जाईल, आणि शेवटी दोन्ही बाजू पुन्हा एकदा वर दुमडाव्यात. या दोन्ही बाजू कोपऱ्यात तिरप्या रेषेत एकमेकींना भेटतात.

पहिल्या धुण्यानंतर गोधडी कोपऱ्याला चिमटा लावून टांगू नये. ओल्या गोधडीच्या वजनाने नवी शिवण ताणली जाते. ती दोरीवर मधोमध टाकून वाळवावी, आणि पुण्याच्या पावसाळ्यात जाड गोधडी दोनदोन दिवस ओली राहते हे लक्षात घेऊन हे धुणे दिवाळीनंतरच्या उन्हासाठी राखून ठेवावे.