कृष्णेतलं नत्र मॉडेलमध्ये जुळत नाही? या चुका टाळा

नदीत किती नत्र येतं आणि वाटेत किती कमी होतं, याचा हिशेब संगणकावरचं मॉडेल करतं. सांगलीच्या पुलापाशी ते मोजमापापेक्षा जास्त नत्र दाखवू लागलं, की पहिला हात शोषणवेगाकडे, म्हणजे नदीचा तळ पाण्यातलं नत्र किती वेगाने काढून घेतो त्या आकड्याकडे जातो. तो थोडा वाढवला की आकडा बसतो. कृपया असं करू नका. आधी नदीचा नकाशा तपासा.

पहिला संशय ओढ्यांवर घ्या. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उंचीच्या नकाशावरून प्रवाह काढताना, किती क्षेत्राचं पाणी जमलं की ओढा धरायचा ही मर्यादा आपण देतो. ती मोठी ठेवली तर वाळवा-पलूसच्या उसातून वाहणारे लहान ओढे नकाशातून पुसले जातात. नायट्रेटचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या नत्राचा, वायू करणारे जिवाणू मुख्यतः तळाच्या गाळात असतात. ओढ्यातल्या घोट्याइतक्या उथळ पाण्याचा तळाशी संबंध सतत येतो, कृष्णेच्या खोल पात्रात तो फार कमी. म्हणजे ओढे गेले की नत्र कमी करणारी जागाच गेली. मर्यादा कमी करत जा आणि निघालेले ओढे उपग्रहचित्रावर ठेवून पाहा. संगमही तपासा: कोयना कऱ्हाडला, येरळा ब्रह्मनाळला, वारणा हरिपूरला मिळायलाच हवी. सपाट भागात हे संगम सहज सरकतात. तसं झालं तर खरी नदी उंचीच्या नकाशात कोरून घ्या, म्हणजे तिच्या रेषेवरची उंची मुद्दाम कमी करा.

दुसरी चूक आपल्या भागात हमखास होते. उंचीचा नकाशा फक्त उतार ओळखतो, पंप ओळखत नाही. टेंभू योजना कृष्णेचं पाणी उचलून आटपाडीपर्यंत, म्हणजे माणगंगेच्या खोऱ्यात नेते. त्या पाण्याबरोबर नत्रही जातं. ताकारी, म्हैसाळचा उपसाही महिन्यावार वजा करा.

बंधाऱ्यांचंही तसंच. बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की पाणी पसरतं, थांबतं. पावसाळ्यात बर्गे काढल्यावर ते सुसाट जातं. वर्षभर एकच रुंदी आणि एकच प्रवाह धरणं मला मान्य नाही.

स्फुरदाला (फॉस्फरसला) नत्राचं सूत्र लावू नका. ते हवेत जात नाही, गाळात बसतं आणि पुरात पुन्हा उठतं.

लांबी-क्षेत्रफळ अंशांत मोजू नका, मीटरमध्ये मोजणारी यूटीएम 43 उत्तर ही नकाशा-पद्धत वापरा. शोषणवेग मीटर प्रति वर्ष आणि प्रवाह घनमीटर प्रति सेकंद असेल, तर आधी एकके जुळवा. आणि मॉडेल उलट साडेचार पट कमी दाखवत असेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल उघडा: आकडा नायट्रेटचा असेल तर त्याला 4.43 ने भागल्यावरच नत्र मिळतं.