बुडीत उधारी टॅलीतून (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून) कशी काढली – माझा अनुभव

आमचं हार्डवेअरचं होलसेल दुकान आहे, उधारीशिवाय धंदाच होत नाही, आणि वर्षानुवर्षं काही पार्ट्यांची जुनी बाकी बॅलन्स शीटमध्ये येणं म्हणून तशीच दिसत होती. नफा कागदावर, पैसा कुठेच नाही, वर त्यावर टॅक्स भरून झालेला! जीव जळतो हो.

आधी बिलवाइज आउटस्टँडिंग, म्हणजे कुठल्या बिलाचे किती पैसे बाकी याची यादी काढून तीन वर्षांवरच्या पार्ट्या वेगळ्या केल्या, फोन केले, बाकी कळवणारी पत्रं रजिस्टर पोस्टाने पाठवली. ज्यांचं दुकानच बंद झालंय त्यांची ३१ मार्चच्या आत टॅलीत एफ७ बटणाने जर्नल नोंद टाकली, बॅड डेट्स (बुडीत उधारी) डेबिट, पार्टी क्रेडिट. इथे एक गोष्ट नीट बघा, 'अगेन्स्ट रेफ' (ठरावीक बिलासमोर) घेऊन जुनं बिलच निवडायचं, 'ऑन अकाउंट' (बिल न सांगता) टाकलं तर पार्टीचं लेजर शून्य होतं पण रिपोर्टमध्ये बिल लटकतच राहतं.

नुसती प्रोव्हिजन (बुडेल म्हणून तरतूद) करून इन्कम टॅक्समध्ये वजावट मिळत नाही, रक्कम खरोखर राइट ऑफ करावी, म्हणजे खात्यातून काढून टाकावी लागते आणि ती आधी उत्पन्नात धरलेली हवी. बुडाली हे सिद्ध करायची मात्र गरज नाही, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये टीआरएफ या कंपनीच्या केसमध्ये तसं स्पष्ट सांगितलंय.

जीएसटीचं दुखणं मात्र तसंच. १,००,००० च्या मालावर १८ टक्क्यांनी भरलेले १८,००० परत येत नाहीत, पैसे बुडाले म्हणून क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढून तो टॅक्स कमी करता येत नाही. छोट्या व्यापाऱ्यावर हा सरळ अन्याय आहे.

नंतर एका पार्टीने थोडे पैसे दिले, ते 'बॅड डेट्स रिकव्हर्ड' खात्यात उत्पन्न म्हणून घेतले.